तराजूत बसून जेवणारे डॉक्टर: सॅन्टोरिओ आणि खाल्ल्या अन्नाचा हिशेब

काल दिवसभरात तुम्ही काय काय खाल्लं, हा प्रश्न आम्ही डॉक्टर रोज कितीतरी जणांना विचारतो. उत्तर बहुतेक वेळा सारखंच असतं. सकाळी चहा, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री थोडासा भात. या उत्तरावर मधुमेहाची गोळी वाढवायची की नाही, हृदयरुग्णाचं पाणी किती कमी करायचं, वजन का उतरत नाही, हे सगळं ठरत असतं. मग ते उत्तर किती खरं असतं?

हे तपासायचं तर आठवण बाजूला ठेवून मोजायला लागतं. चारशे वर्षांपूर्वी इटलीत एका डॉक्टरांनी हा उद्योग हयातभर केला. ते जेवायला खुर्चीत बसत, आणि ती खुर्ची तराजूला टांगलेली असे. त्यांचं नाव सॅन्टोरिओ सॅन्टोरिओ. नाव आणि आडनाव एकच, ही छपाईची चूक नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत ते सँक्टोरियस या लॅटिन नावाने भेटतात.

व्हेनिसच्या राज्यातला मुलगा

सॅन्टोरिओंचा जन्म २९ मार्च १५६१ चा, कापोडिस्त्रिया या बंदराच्या गावी. आज ते गाव स्लोव्हेनियात आहे आणि त्याला कोपर म्हणतात. तेव्हा तिथे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचं राज्य होतं. वडील सरकारी नोकरीत होते. चौदाव्या वर्षी मुलगा पादुआच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि १५८२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला.

त्या काळचं वैद्यक म्हणजे मुख्यतः गेलन या प्राचीन वैद्याची शिकवण. शरीरात चार द्रव असतात, त्यांचा तोल बिघडला की आजार होतो, अशी ती मांडणी. आपल्याकडच्या वात-पित्त-कफाची आठवण यावी असं हे चित्र आहे, पण दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत. सॅन्टोरिओंनी गेलनला नाकारलं नाही. तोल बिघडला हे त्यांनाही मान्य होतं. किती बिघडला, एवढंच त्यांना हवं होतं. हा एक शब्द, किती, त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या चुका कशा टाळाव्यात, यावर त्यांनी सुरुवातीलाच एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

पुढे ते व्हेनिसमध्ये डॉक्टरकी करू लागले. गॅलिलिओ त्यांच्या ओळखीचे, आणि मोजमापाचं वेड दोघांनाही. नाडीचा वेग मोजायला सॅन्टोरिओंनी दोरीला टांगलेला लंबक वापरला. दोरी कमी-जास्त करत लंबकाचे झोके नाडीशी जुळवायचे आणि मग दोरीची लांबी टिपून ठेवायची. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हाताशी नव्हतं, तेव्हाची ही युक्ती. तापासाठी काचेच्या नळीवर त्यांनी खुणा केल्या आणि नळीचा फुगा रुग्णाच्या तोंडात ठेवला. तुमच्या घरातल्या थर्मामीटरचा हा पूर्वज. अंगाला हात लावून ताप आहे म्हणणं आणि एकशे दोन आहे म्हणणं यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहेच.

खुर्ची

१६११ मध्ये व्हेनिसच्या सिनेटने त्यांना पादुआला वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक नेमलं. तीन वर्षांनी, १६१४ मध्ये, त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं. छोट्या छोट्या सूत्रांचं हे लॅटिन पुस्तक होतं, वजनाच्या आधारे आरोग्य कसं ओळखावं हे सांगणारं. त्याची एक प्रत गॅलिलिओंना पाठवताना त्यांनी कळवलं होतं, की या कामामागे पंचवीस वर्षांचे प्रयोग आहेत.

खुर्चीची रचना तशी साधी होती. वर तुळईला एक लांब दांडीचा तराजू. त्याच्या एका टोकाला खुर्ची लोंबकळते, दुसऱ्या बाजूला दांडीवर पुढे-मागे सरकवता येणारं वजन. समोर जेवणाचं टेबल. जेवायच्या आधी, आज किती खायचं ते ठरवून वजन त्या खुणेवर ठेवायचं. तेवढं अन्न पोटात गेलं की खुर्ची किंचित खाली जाते आणि माणसाने हात आवरायचा. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, तराजूला तो उशीर नसतो. या खुर्चीचं वर्णन आणि चित्र त्यांनी १६२५ च्या दुसऱ्या एका ग्रंथात छापलं. पुढे ते चित्र त्यांची ओळख होऊन बसलं.

पण खुर्चीवरून लक्ष जरा बाजूला घ्या. खरं काम दुसरीकडे होतं. तोंडावाटे आत गेलेलं सगळं, अन्न आणि पेय, तोलायचं. बाहेर पडलेलं सगळं, मल आणि मूत्र, तेही तोलायचं. शिवाय स्वतःचं वजन. खाण्याआधी, खाल्ल्यावर, झोपेआधी, झोपेनंतर, कामाच्या दिवशी, आरामाच्या दिवशी. किळस बाजूला ठेवून वर्षानुवर्षं हे करणं सोपं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता हिशेब बघा. जे आत गेलं त्यातून जे बाहेर पडलं ते वजा केलं, तर उरलेल्या वजनाने माणूस जड व्हायला हवा. तसं होत नव्हतं. सॅन्टोरिओंना आढळलं, की दिवसाला ८ पौंड अन्नपाणी घेतलं तर त्यातले साधारण ५ पौंड डोळ्यांना न दिसता निघून जातात. तेव्हाचा पौंड आजच्या पौंडाएवढा नव्हता, म्हणून आकडा सोडा, प्रमाण धरा: आठातले पाच. मल-मूत्र मिळूनसुद्धा या न दिसणाऱ्या भागापेक्षा कमी भरत होतं. त्वचेतून आणि श्वासातून काहीतरी सतत निसटत असतं ही कल्पना गेलनच्याही आधीची. माणसाला तराजूवर बसवून ती वर्षानुवर्षं पद्धतशीर मोजणारे मात्र सॅन्टोरिओ पहिले.

तुम्हालाही हे घरी पाहता येईल. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा हवा. रात्री लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. सकाळी उठल्या उठल्या, लघवीला जाण्याआधी, त्याच कपड्यांत पुन्हा करा. काही खाल्लं नाही, काही बाहेर गेलं नाही, तरी वजन काही शे ग्रॅम कमी भरेल. तेवढं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड रात्रभरात त्वचेतून आणि श्वासातून उडून गेलेला असतो. या न दिसणाऱ्या घटीसाठी डॉक्टर आजही जो शब्द वापरतात, तो सॅन्टोरिओंच्याच पुस्तकातून आलेला आहे.

त्यांचं कुठे चुकलं

सॅन्टोरिओंचं कौतुक करताना त्यांच्या उणिवाही बघायला हव्यात, कारण त्याच उणिवा आजच्या आहार-नोंदीतही दिसतात.

पहिली उणीव म्हणजे एवढी वर्षं मोजूनही त्यांनी रोजच्या नोंदींची वही छापली नाही. पुस्तकात निष्कर्ष आहेत, सूत्रं आहेत, मधूनमधून एखादा आकडा आहे. कोणत्या दिवशी काय खाल्लं आणि काटा कुठे होता, ते नाही. त्यामुळे दुसऱ्या कोणाला त्यांचा हिशेब पडताळून बघता येत नाही. १६१५ मध्येच ओबित्सी नावाच्या एका वैद्याने त्यांच्यावर टीकेचं अख्खं पुस्तक काढलं. वजन मोजून आरोग्य कळतं ही कल्पनाच अनेकांना पटत नव्हती.

दुसरी उणीव मोठी आहे. त्यांनी वजन मोजलं, अन्नाचं मोल मोजलं नाही. तराजूला पावशेर काकडी आणि पावशेर शेंगदाणे सारखेच. ऊर्जा म्हणजे कॅलरी ही कल्पना तेव्हा जन्मलेलीच नव्हती, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण आज वजनाचा काटा बघून, दोनशे ग्रॅमच तर खाल्लं, असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो: कशाचे दोनशे ग्रॅम?

तिसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. मोजतोय हे माहीत असलं की माणूस वेगळं खातो. खाली जाणाऱ्या खुर्चीत बसून कोण दुसऱ्यांदा वाढून घेणार? आजही आम्ही आठवडाभर सगळं लिहून आणा असं सांगतो, तेव्हा त्या आठवड्यात फरसाणाचा डबा उघडलाच जात नाही. वही खरी असते, पण आठवडा नेहमीचा नसतो.

पादुआतली शेवटची वर्षं त्यांना फार सुखाची गेली नाहीत. व्हेनिसमध्ये त्यांची डॉक्टरकी जोरात होती आणि आमच्याकडे दुर्लक्ष होतं अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १६२४ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते कायमचे व्हेनिसला परतले. २२ फेब्रुवारी १६३६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र पुढेही निघत राहिल्या, भाषांतरं झाली, आणि ठिकठिकाणचे डॉक्टर स्वतःला तोलून बघू लागले.

तराजूची दुसरी बाजू

सॅन्टोरिओंच्या डोक्यातला मुख्य मुद्दा असा होता: आत किती गेलं ते तपासायचं तर बाहेर किती गेलं ते मोजा. पुढच्या शास्त्रज्ञांनी हाच धागा धरला. १७९० च्या सुमारास पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि सेगँ यांनी त्या न दिसणाऱ्या घटीतलं श्वासातलं किती आणि त्वचेतलं किती हे वेगळं केलं. १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस राहू शकेल अशी बंद खोली बांधली. तिच्यात त्या माणसाने खाल्लेली ऊर्जा आणि त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता यांचा ताळा घातला. तो जवळजवळ तंतोतंत जुळला. बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरीचा जो आकडा छापलेला असतो, तो काढायची रीत ॲटवॉटर यांच्याच कामातून आली आहे.

पण खोलीत कोंडलेला माणूस काही नेहमीसारखं जगत नाही. खरी सोय झाली ती एका खास पाण्याने. या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड असतो; किरणोत्सर्ग नसतो, त्रास होत नाही. माणसाने ते एकदा प्यायचं आणि पुढचे दहा-पंधरा दिवस घरी नेहमीसारखं राहायचं, मधूनमधून लघवीचे नमुने द्यायचे. हे दोन घटक शरीरातून किती वेगाने कमी होतात यावरून त्या दिवसांत किती ऊर्जा खर्च झाली ते कळतं. उंदरांवर ही पद्धत १९५० च्या दशकात वापरली गेली, माणसांवर १९८२ पासून. वजन स्थिर असेल तर जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढीच खाल्ली गेली असणार. म्हणजे सॅन्टोरिओंचाच हिशेब, खुर्चीशिवाय.

आणि इथे आठवणीचं पितळ उघडं पडलं. १९९२ मध्ये अमेरिकेत, काहीही केलं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या काही जणांची अशी तपासणी झाली. ते दिवसाला सुमारे १००० कॅलरी खातो असं सांगत होते. प्रत्यक्षात ते २००० च्या वर खात होते. त्यांच्या शरीराची भट्टी अगदी व्यवस्थित चालत होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८४ प्रौढांच्या अभ्यासात, कालचं खाणं आठवून सांगताना पुरुषांनी १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितली. वर्षभरात कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला याची लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा ही घट दोन्हीकडे ३० टक्क्यांच्या वर गेली.

यावरून रुग्ण खोटं बोलतात असा अर्थ मी काढत नाही, आणि तुमच्या घरच्यांनीही काढू नये. जेवण आठवतं, खाणं आठवत नाही. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलेला घास, प्रसादाचा पेढा, तिसऱ्या चहाबरोबरची दोन बिस्किटं, उपास म्हणून खाल्लेली साबुदाण्याची खिचडी आणि तिच्यातलं दाण्याचं कूट. शिवाय वाटी म्हणजे किती? एका घरात वाटीत शंभर मिलिलिटर मावतं, दुसऱ्या घरात त्याच्या दुप्पट. आणि तेल तर ताटात दिसतच नाही. मोठ्या चमच्याने एक चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, सुमारे १२० कॅलरी देतं. हे मुद्दाम लपवावं लागत नाही, ते आपोआप निसटतं.

तुमच्या घरात

हे सगळं जुन्या गोष्टीपुरतं राहत नाही, कारण काही आजारांत हा हिशेब चुकला तर जिवावर बेततं.

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. लघवी जवळजवळ होत नाही. त्यामुळे आत गेलेल्या पाण्यातून घामाचं आणि ते न दिसणारं वजा केलं की बाकीचं सगळं अंगात साठतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन डायलिसिसच्या मधे वजन तीन किलोने वाढलं, तर तीनेक लिटर पाणी अंगात राहिलं आहे, मग पाण्याचे पेले कितीही मोजून प्यायलेले असोत. घरचे म्हणतात, पाणी तर अर्धा लिटरच दिलं. ते खरंही असतं. पण आमटी, ताक, कलिंगडाच्या फोडी, मऊ भात, गोळीबरोबरचे घोट यांतलं पाणी कोणी मोजलेलं नसतं, आणि लोणच्या-पापडातल्या मिठाने तहान वाढलेली असते. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. काटा सांगेल ते धरून चालावं.

हृदय कमजोर असलेल्यांसाठीही तेच. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, इतक्या झपाट्याने चरबी चढत नाही. ते पाणी असतं. पायाची सूज दिसायची आणि धाप लागायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रुग्णालयात खाटेजवळ लटकवलेल्या तक्त्यात सलाइन, चहा आणि लघवीचं माप लिहायला नर्स तुम्हाला सांगतात, तेव्हा तेही मनापासून लिहा. पेल्यातला उरलेला चहा वजा करायला विसरू नका.

मधुमेहात किंवा वजन कमी करताना एवढं काटेकोर असायची गरज नाही. तरी तीन गोष्टी करून बघा. घरातली रोजची वाटी आणि डाव यांत किती मावतं ते औषधाच्या मापाने किंवा बाळाच्या बाटलीने एकदाच मोजून ठेवा. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागतात ते लिहा आणि घरातल्या माणसांनी भागा. ताटाकडे बघून कळत नाही ते या भागाकारात दिसतं. आणि खाण्याची नोंद करायची तर सलग आठवडा नको, दोन कामाचे दिवस आणि एक रविवार पुरे. पण खाल्ल्या खाल्ल्या लिहा, रात्री आठवून नको. मोबाईलवर ताटाचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्याचाही काढा.

गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, अंगाने आधीच बारीक असलेले वृद्ध, आणि खाण्याविषयी मनात फार भीती बसलेली माणसं यांच्यामागे मात्र असा काटा लावू नका. तिथे काय आणि किती मोजायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा ती वही, ते कॅलेंडर किंवा ते फोटो बरोबर आणा. काल काय खाल्लं हे मी तरीही विचारेन, पण आधी ते बघेन.